एका सीझनपुरते धर्माधिकारी

भिंतीत खिळा ठोकायचा नाही, हा धर्माधिकारीभाऊंचा पहिला नियम. घर भाड्याचं, भिंत दुसऱ्याची, आणि आपण तर काय, एका सीझनपुरते आलेलो! म्हणून त्यांच्याकडे कॅलेंडर दाराच्या कडीला लटकायचं. जरा जोरात दार उघडलं की कॅलेंडर जमिनीवर. घड्याळ ट्रंकेवर भिंतीला टेकवून ठेवलेलं, म्हणजे किती वाजले बघायचे तर माणसानं कमरेत वाकायचं. मी एकदा न राहवून म्हटलं, "भाऊ, एका खिळ्यासाठी घरमालक तुम्हाला काही बाहेर काढत नाही." तर हा माणूस अगदी गंभीरपणे म्हणतो, "काढलं तर बरंच होईल ताई. यवतमाळला तरी जाता येईल."

आर्णीला आमची दारं लागून होती. मी प्राथमिक शाळेत शिकवायची, माझे यजमान तहसील कचेरीत. धर्माधिकारीभाऊ कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. म्हणजे शेतकऱ्याची गाडी आली की तिच्यात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला चिमूटभर कापूस ओढायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून धागा ताणून बघायचा आणि कापूस कुठल्या प्रतीचा ते सांगायचं. त्या एका शब्दावर अख्ख्या गाडीचा भाव ठरायचा. दिवाळीनंतर केंद्र सुरू व्हायचं आणि होळीच्या आसपास आटपायचं, त्याला सगळे सीझन म्हणायचे. आले तेव्हा भाऊंनी सांगितलं होतं की एका सीझनपुरता आलोय, मग यवतमाळच्या ऑफिसात बदली आहे. त्यानंतर माझी मुलगी शाळेत गेली, मॅट्रिक झाली, लग्नाला आली. भाऊ तरी एका सीझनपुरतेच आलेले होते.

त्या ट्रंकेवर खडूनं मोठ्या अक्षरात 'यवतमाळ' लिहिलेलं होतं. दर दिवाळीच्या साफसफाईत मालतीवहिनी, म्हणजे त्यांची बायको, ट्रंक पुसायच्या. अक्षरं जायची. भाऊ पुन्हा लिहायचे. खडू माझ्याच शाळेतला असायचा, त्यामुळे मला हसावं की रडावं कळायचं नाही.

गंमत अशी की सुखानं कसं राहावं हे अख्ख्या मोहल्ल्याला शिकवलं याच माणसानं. उंच, किडकिडीत, नाकावर घसरलेला चष्मा, आणि दिसेल त्या वस्तूला अंगठा लावून बघायची खोड. कुणाला काही घ्यायचं असलं की भाऊंना सोबत न्यायचे. चप्पल असो, खुर्ची असो, कूलर असो. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "जी वस्तू दिवसभरात सगळ्यात जास्त वेळ अंगाला लागते, तिच्यात मन मारू नका." दुकानात खुर्ची घ्यायला गेले तर तिच्यावर बसून पेपर पूर्ण वाचून काढायचे. दुकानदार वैतागायचा. भाऊ म्हणायचे, "अरे, त्यांना घरी बसायचंच आहे ना तिच्यावर? मग उभ्यानं कशी पसंत करू?"

माझे खांदे तेव्हा फार दुखायचे. डॉक्टर झाले, मालिश झाली. भाऊ एकदा चहाला आले आणि मी पोळ्या लाटताना बघत बसले. म्हणाले, "ताई, दोष खांद्यात नाही, ओट्यात आहे. ओटा बुटका आहे तुमचा." यजमान म्हणाले, काहीतरीच! पण मी हट्टाला पेटले, गवंडी आणला, ओटा उंच करून घेतला. पावसाळा संपेपर्यंत दुखणं पळालं. आजही पोळ्या करताना मला भाऊंची आठवण होते.

आणि या भाऊंच्या घरी वहिनी जमिनीवर बसून, स्टोव्हवर स्वैपाक करायच्या! जमिनीवर बसायचं, जमिनीवर जेवायचं, जमिनीवर सतरंजी टाकून झोपायचं. वहिनींची पाठ कामातून गेलेली. पहाटे भिंतीपलीकडून त्यांचं कण्हणं ऐकू यायचं. आधी कुशीवर वळायचं, मग एक हात ट्रंकेवर, मग दाराची चौकट, तेव्हा कुठे बाई उभी राहायची. यवतमाळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की जमिनीवर झोपणं बंद करा, पलंग आणा, चांगल्या कापसाची गादी आणा. भाऊंनी मान डोलावली. घरी आल्यावर म्हणाले, "यवतमाळला गेलो की पहिला पलंगच घेऊ. इथून न्यायचा म्हणजे वाटेत मोडतो."

"मी मोडून राह्यली त्याचं काय?" वहिनी म्हणाल्या. त्या दारव्ह्याकडच्या खेड्यातल्या, त्यांच्या तोंडात वऱ्हाडी आणि नाकावर राग.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं, तिला मारेगावला दिली. आमच्याकडे मुलीबरोबर गादी द्यायची रीत. गाव कापसाचं, त्यामुळे गादी हलकी दिली तर व्याही वर्षभर बोलतात. गाद्या भरून देणारे रशीदभाई बसस्टँडच्या मागे बसायचे, त्यांच्याकडे कापूस पिंजायचं मशीन होतं. मी भाऊंना घेऊन गेले. भाऊंनी तीन ढिगांत हात घातला, दोन नापास केले. तिसऱ्याचा धागा ताणला आणि चेहरा असा खुलला, जणू स्वतःच्याच मुलीचं लग्न आहे. रशीदभाईंनी गादी भरली, टाके घातले, आणि भाऊ आपल्या नेमाप्रमाणे ती तपासायला आडवे झाले.

झाले ते झालेच. मी खोळीचं कापड बघून वळले तर हा माणूस गाढ झोपलेला. तोंड उघडं, चष्मा छातीवर. मी हाक मारणार तर रशीदभाईंनी ओठावर बोट ठेवलं. "सोने दो बाई. लोगों की गादियाँ देखते फिरते हैं साहब, खुद की पीठ कभी टेकी नहीं." मशीन बंद ठेवून रशीदभाई बराच वेळ बाहेर बिडी ओढत बसले. भाऊ उठले तेव्हा इतके ओशाळले की घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढेच चालले. दारापाशी मात्र म्हणाले, "गादी चांगली आहे ताई. पोरगी सुखी राहील." मी वहिनींना सगळं सांगितलं. वहिनी हसल्या, आणि हसता हसताच पदर डोळ्याला लावला.

आता त्यांच्या खिशाची गोष्ट सांगायला हवी. बघून झालेली कापसाची चिमूट ग्रेडरनं परत गाडीत टाकायची असते. भाऊंचा हात ती खिशात टाकायचा. डोळे पुढच्या गाडीवर, तोंड बोलतंय, हात आपला खिशात. संध्याकाळी घरी यायचे ते खिसे फुगवून आणि डोक्यापासून पायापर्यंत कापूस माखून. वहिनी त्यांना पायरीवरच उभं करायच्या. "थांबा, आत नका येऊ." मग खिसे उलटे करायच्या, स्वेटरवरचा, केसांतला, अगदी भुवयांतला कापूस वेचायच्या. भाऊ लहान पोरासारखे मान खाली घालून उभे. पाठ दुखत असायची, तरी वहिनींचं हे काम कधी चुकलं नाही. मला तर वाटतं, दिवसभरातला त्यांचा संसार तेवढाच होता.

तो कापूस एका पोत्यात जायचा. पहिल्या वर्षी भाऊंनी तो पिशवीत भरून केंद्रावर परत नेला होता. तिथले लोक असे हसले की पुन्हा नेला नाही. पण वापरूही दिला नाही. "तो आपला नाही," म्हणायचे, "त्याला हात लावू नको." दर सीझनला पोतं भरत गेलं, मग दुसरं पोतं आलं. घरात कापसाची पोती आणि बाई फरशीवर! मी कपाळाला हात लावायची.

मग ती वाईट वर्षं आली. भाव पडले. केंद्रावर गाड्यांची रांग पार रस्त्यावर यायची. लोक थंडीत कापसाची राखण करत गाडीखाली जमिनीवरच पडून असायचे. माझ्या शाळेत एखादं पोर चार दिवस दिसायचं नाही, आणि मग डोक्याचं मुंडण करून येऊन मागच्या ओळीत बसायचं. विचारायची सोय नव्हती. रशीदभाईंचं मशीन दिवसच्या दिवस बंद असायचं, कारण लग्नंच लांबलेली.

भाऊ त्या काळात वाळत गेले. बोलणं कमी झालं. केंद्रावर लोक शिव्या द्यायचे, ते ऐकून घ्यायचे. एकदा सकाळी एक बाई त्यांच्या पायरीवर येऊन बसली. खेड्यातली होती, पदराच्या गाठीत मूठभर कापूस बांधून आणलेला. मी दारात उभी होते. ती म्हणाली, "साहेब, काल तुमी आमची गाडी खालच्या नंबरात टाकली. तिथं गर्दीत तुमचं ध्यान नसन. आता घरच्या उजेडात पाहा ना एकदा."

भाऊ तिच्यासमोर पायरीवरच बसले. चष्मा पुसला. धागा ताणून बघितला, परत ताणला, कापूस गालाला लावला. किती वेळ लावला त्यांनी! मला वाटलं आता म्हणतील, आता म्हणतील. शेवटी खाली बघत म्हणाले, "बाई, ओल आहे यात. मी काय करू?"

"बरं," ती बाई म्हणाली. उठली, लुगडं झटकलं आणि गेली. कापूस तिथेच राहिला.

त्याच आठवड्यात भाऊंनी बदलीसाठी यवतमाळला जाऊन पुन्हा साहेबांची गाठ घेतली. साहेब म्हणाले, तुमच्या जागेवर यायला कोणी तयार नाही, आला की सोडतो. कोण येणार होतं त्या शिव्या खायला? भाऊ परत आले ते सरळ आमच्याकडे. वहिनीही होत्या. त्यांनी विषय काढला, "बदली काई होत नाही आता. निदान पलंग-गादी तं घ्या."

भाऊ एकदम चिडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला तेव्हाच ऐकला. "लोक तिकडे गाडीखाली जमिनीवर पडून राह्यले! दिवसभर मी त्यांच्या कापसाला नावं ठेवायची, अन् घरी येऊन कापसावर लोळायचं? मला झोप येईल?"

वहिनींनी एक हात कमरेवर ठेवला. मग अगदी हळू म्हणाल्या, "तुमी नका झोपू. पन माह्या पाठीनं कोनाच्या कापसाले नाव ठेवलं?"

भाऊ म्हणाले, "यवतमाळला गेलो की बघू." पण त्या म्हणण्यात काही दम नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाऊ केंद्रावर गेले आणि वहिनी माझ्या दारात. "चाल," म्हणाल्या, "आटो बलाव." आम्ही दोघींनी ती पोती ओढत बाहेर काढली आणि रशीदभाईंकडे नेली. रशीदभाईंनी आत हात घातला, वेगवेगळ्या जागचा कापूस काढून तळव्यावर ठेवला. "बाई, ये तो पूरे तालुके का माल है. हर खेत का." सरकी काढून पिंजला तेव्हा मात्र त्याचा ढीग असा वर आला की आम्ही बघत राहिलो. निळ्या पट्ट्यांच्या खोळीत त्यांनी गादी भरली. आमच्याकडे जुना लाकडी पलंग अडगळीत पडला होता, तो पोरांकडून उचलून नेला. गादी टाकली. मला वाटलं, आता वहिनी आडव्या होतील. त्या म्हणाल्या, "तुह्याकडं हातोडी हाय ना?"

पलंगासमोरच्या भिंतीत त्यांनी खिळा ठोकला. चुना पडला, दुखऱ्या पाठीनं बाई घाव घालतेय आणि मी स्टूल धरून उभी. खिळ्याला घड्याळ अडकवलं. मग त्या पलंगावर पडल्या आणि म्हणाल्या, "पाह्य, आता झोपल्या झोपल्या वेळ दिसते."

संध्याकाळी भाऊ आले तेव्हा मी तिथेच होते. पायरीवर उभे राहिले, पण कापूस वेचायला कोणी आलं नाही. मग आत आले. आधी त्यांना खिळाच दिसला. मग पलंग. त्यांनी गादीवर अंगठा दाबला, आणि मला तेव्हाच कळलं की त्यांना कळलं. वहिनी झोपल्या जागेवरून म्हणाल्या, "हो, तोच हाय. तुमच्या अंगाले चिकटून जेवढा आला, तेवढा माह्या वाट्याचा."

मला वाटलं, आता हा माणूस गादी उचलून केंद्रावर नेतो. नाही नेली. रात्री नेहमीसारखी सतरंजी काढली, पलंगाशेजारी जमिनीवर टाकली आणि झोपले. पहाटे मी कान देऊन होते. भिंतीपलीकडून कण्हणं आलं नाही. वहिनी चांगलं उजाडल्यावर उठल्या. मला इतका आनंद झाला की शाळेत जाताना मी रशीदभाईंना थांबून सांगितलं.

पण वहिनींचं समाधान अर्धंच होतं. "अर्धा पलंग खालीच राह्यते माहा," म्हणायच्या, "आता यायले वर घ्याचं राह्यलं." त्यांनी रागावून बघितलं, गोडीनं बघितलं. भाऊ पलंगाची पाचर ठोकून द्यायचे, गादी उन्हात टाकायचे, चादर नीट करायचे, आणि झोपायचे खाली. बाहेर रांगेत पडलेल्या लोकांतला एक माणूस जणू घरात येऊन झोपला होता, आणि त्याला तिथून उठवणं कुणालाच जमत नव्हतं.

पुढच्या वर्षी आर्णीचं केंद्र उघडणार नाही असं कळलं. भाऊंची बदली आली. यवतमाळ नाही, मारेगाव! जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथल्या केंद्रावर, तेच काम. ऐकून मला हसूच फुटलं, आणि मग त्यांचा चेहरा बघून स्वतःचीच चीड आली. वहिनी म्हणाल्या, "मी काई येत नाही. मले इथं झोप लागते. तुमी जा, सुट्टीले येत जा." भाऊंनी वाद घातला नाही. ओल्या फडक्यानं ट्रंकेवरचं 'यवतमाळ' पुसलं, कपडे भरले, सतरंजी गुंडाळली आणि एसटीत बसले.

त्या हिवाळ्यात मी लेकीकडे मारेगावला निघाले. वहिनींनी रशीदभाईंकडून एक नवी गादी भरून घेतली होती, बारकी, एकट्या माणसापुरती. त्यांनी ती स्वतःच्या हातानं गुंडाळली, दोरीनं बांधली आणि माझ्याजवळ दिली. सोबत लाडवांचा डबा. "त्यायले सांग," म्हणाल्या, "हा विकतचा कापूस हाय. कोनाच्या गाडीतला नाही." मी गादी एसटीच्या टपावर टाकली आणि मारेगावला उतरवून घेतली. जावई न्यायला आले होते, त्यांनी ती भाऊंच्या खोलीवर पोचवली.

खोलीत पाय टाकला आणि मी दारातच थांबले. कॅलेंडर कडीला लटकलेलं. जमिनीवर सतरंजी. हातातलं घड्याळ ट्रंकेवर काढून ठेवलेलं. आणि ट्रंकेवर खडूनं, त्याच मोठ्या अक्षरात, 'आर्णी'.

"बसा ताई बसा," भाऊ म्हणाले. थकले होते. "इथं सगळं असंच आहे. काय, एका सीझनपुरतं तर आहे. आर्णीला परत गेलो की तिथं अजून दोन खिळे ठोकतो. हिला एक फळी पाहिजे होती डब्यांसाठी, ती बसवू. ओटा पण करू म्हणतो, तुमच्यासारखा." इतकं भरभरून बोलले! मग आवाज खाली आणून विचारलं, "झोपते का नीट?"

"चांगली घोरते," मी म्हटलं.

"घोरते?" भाऊ हसले. खरंच हसले, कितीतरी दिवसांनी.

त्यांच्या स्वेटरवर, केसांत, कानामागे कापूस बसलेला होता. जुना आणि नवा, थरावर थर. माझा हात पुढे झाला होता, मी तो मागे घेतला. ते काम दुसरीचं होतं.

वहिनींचा निरोप सांगितला. त्यांनी ऐकलं. गादीला अंगठा लावला, दाबला, मान डोलावली. "चांगला आहे कापूस," म्हणाले. मग ती तशीच, बांधलेली, भिंतीशी उभी केली. "आर्णीला जाताना घेऊन जाईन. इथं कशाला सोडायची? पुन्हा बांधावी लागेल." मी खूप बोलले त्यांना. जे तोंडाला येईल ते बोलले. मी मोठी बहीण असते तर कानाला धरलं असतं, असंही बोलले. ते नुसते हो हो करत राहिले, आणि मला पाणी दिलं, आणि लेकीची चौकशी केली.

रस्त्यावर आल्यावर आठवलं, लाडवांचा डबा रिकामा करून घ्यायचा राहिला. वहिनींना त्यांचे डबे परत लागतात. मी मागे फिरले. दार उघडंच होतं. भाऊ सतरंजीवर बसले होते, पाय पसरून, आणि पाठ त्या उभ्या गादीला टेकलेली. झोपले होते. तोंड उघडं, चष्मा छातीवर, तसेच, रशीदभाईंच्या दुकानातल्यासारखे. मी लाडू ताटात काढले, डबा उचलला आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. त्यानंतर भाऊ मला दिसले नाहीत. त्याच सीझनमध्ये, होळीच्या आत, ते तिथेच वारले.

पण ही गोष्ट त्याच्या आधीची, मी परत आले त्या दिवसाची. वहिनी पलंगावर पडल्या होत्या. मी डबा हातात दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "झोपले काय गादीवर?"

"टेकून झोपले होते," मी म्हटलं. "मी स्वतः पाहिलं. अगदी गाढ."

"टेकून?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "दोरी सोडली होती?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी नाही अशी मान हलवली.

वहिनी भिंतीकडे वळल्या. घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "मी तं सरकगाठ मारून देल्ली होती वं. एका हातानं सुटंल अशी."